एका तासाची व्हिजिट, तेवीस तासांचं घर

तुझा प्रश्न मी असा समजले. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन दीड वर्ष झालं, इथंच इंदूरला एका खासगी रुग्णालयात मेडिकल वॉर्डात आहेस, आणि आता एका होम केअर एजन्सीनं (घरी जाऊन पेशंट बघणारी नर्स पुरवणाऱ्या) सोमवारी बोलावलंय. तयारी काय करायची, एकटीनं परक्या घरात जायची भीती वाटते त्याचं काय, आणि स्वतःची गाडी लागेल का, हे तू विचारलंस. वर आईचं म्हणणं, ‘शिकूनसवरून लोकांच्या घरी आयागिरी करणार का?’

मी अकरा वर्षं वॉर्ड केला आणि त्यानंतरची सोळा वर्षं घरोघर फिरतेय. रामबागेतल्या वाड्यांपासून विजयनगरच्या बाराव्या मजल्यापर्यंत. तुझ्या वयाच्या मुलींना मीच शिकवते, तेव्हा ‘तू’च म्हणते.

आधी दीड वर्षाचं बोलू. मेडिकल वॉर्डात दीड वर्ष काढलंस हे पुरेसं आहे, पण काठावरचं. तिथून निघण्याआधी महिनाभर आयसीयू किंवा एचडीयूमध्ये (आयसीयूच्या एक पायरी खालच्या विभागात) ड्यूटी मागून घे. पेशंट बिघडायला लागतो तेव्हा पहिल्या तासात कसा दिसतो, ते डोळ्यांत बसायला हवं. वॉर्डात शंका आली की तू हाक मारतेस, सीनियर येते, आरएमओ, म्हणजे ड्यूटीवरचा डॉक्टर, येतो. घरात तू हाक मारलीस तर सूनबाई पाण्याचा ग्लास घेऊन येते. नुकतीच परीक्षा दिलेली मुलगी एजन्सीनं थेट ट्रेकीच्या (श्वासासाठी गळ्यात नळी बसवलेल्या) पेशंटकडे पाठवलेली मी पाहिलीय. तिचा दोष नव्हता, पण रात्री दोनला नळी चोंदली तेव्हा दोष कुणाचा हा प्रश्नच नव्हता.

कागदपत्रांत मध्य प्रदेशच्या नर्सेस कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू आहे ना, ते बघ. हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस (0, 1 आणि 6 महिने) झालेत का, आणि त्यानंतर टायटर (लशीनं रक्तात किती संरक्षण तयार झालं ते) तपासलंय का? ते 10 च्या वर असायला हवं. रुग्णालयात हे कुणीतरी मागे लागून करून घेतं, इथं तुझं तुलाच करायचंय.

आता एजन्सीला फोन कर आणि काम नक्की कोणतं ते विचार. ‘होम केअर’ या एका नावाखाली तीन वेगळी कामं चालतात. एक व्हिजिटचं: तासभर जायचं, ड्रेसिंग, कॅथेटर (लघवीची नळी), इंजेक्शन, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी भरवायची नळी) करून यायचं, दिवसाला पाच-सहा घरं. दुसरं बारा तासांच्या ड्यूटीचं, एकच पेशंट, बहुधा ट्रेकी, व्हेंटिलेटर नाहीतर शेवटच्या टप्प्यातला कॅन्सर. तिसरं केअरटेकरचं, म्हणजे आंघोळ, भरवणं, फिरवणं. हे तिसरं काम कमी दर्जाचं मुळीच नाही, पण त्याला नर्स लागत नाही. कित्येक एजन्स्या घरच्यांकडून नर्सचे पैसे घेतात आणि केअरटेकर पाठवतात, किंवा नर्स पाठवून तिच्याकडून केअरटेकरचं काम करवून घेतात. तुझ्या आईची भीती इथून आलीय, आणि ती अगदीच खोटी नाही. कामाची यादी लेखी घे, घरच्यांनाही तीच यादी दिलीय का ते विचार. पहिल्याच दिवशी ‘सिस्टर, ज़रा चाय चढ़ा देना’ असं झालं, तर हसून म्हणायचं, ‘काकू, माझे हात ड्रेसिंगचे आहेत, गॅसजवळ नको.’ एकदा चहा केलास की तो रोजचा झाला. पेशंटला पेज भरवणं वेगळं, ते मी आजही करते.

माझं मत विचारशील तर सुरुवात व्हिजिटच्या कामानं कर. पैसे सुरुवातीला कमी वाटतील, पण सहा घरं म्हणजे सहा वेगळे आजार, आणि कुठल्याच घरात तू अडकत नाहीस. आणि खरं काम तिथंच शिकायला मिळतं. ते काम म्हणजे काय ते सांगते.

तू घरात एक तास असतेस. उरलेले तेवीस तास पेशंट दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असतो: सून, मुलगी, रिटायर झालेले आजोबा, दिवसाची मावशी, रात्रीचा मुलगा. तुझं ड्रेसिंग कितीही सुंदर असो, त्या तेवीस तासांत कुस कुणी बदलली नाही तर बेडसोर (एकाच कुशीवर पडून होणारी जखम) वाढणारच. म्हणून व्हिजिटच्या साठ मिनिटांतली किमान वीस मिनिटं शिकवण्यासाठी ठेव. वॉर्डाची सवय असलेल्या मुलीला हे जमायला सगळ्यात जड जातं, कारण तिथं आपण नातेवाइकांना बाहेर काढतो.

शिकवायचं म्हणजे भाषण द्यायचं नाही. तू एकदा करून दाखवायचं, दुसऱ्या दिवशी त्यांनी करायचं आणि तू हात मागे बांधून बघायचं. सुदामानगरात एका काकूंना मी तीन दिवस सांगत होते की लघवीची पिशवी पेशंटच्या कमरेच्या खाली राहिली पाहिजे, पण जमिनीला टेकायची नाही. त्या मान हलवायच्या. चौथ्या दिवशी त्यांनी काकांना खुर्चीत बसवलं आणि पिशवी नीट, प्रेमानं, काकांच्या मांडीवर ठेवली. त्यांना ‘खाली’ हा शब्द कळला होता, कशासाठी ते कळलं नव्हतं. मग बाथरूममधली बादली आणि नळी घेऊन उताराचं पाणी उलटं कसं फिरतं ते दाखवलं. पुन्हा कधी चूक झाली नाही. ‘का’ सांगितल्याशिवाय आपल्या बायका काही पाळत नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं.

पहिल्या व्हिजिटला तपासणीच्या आधी घर बघ. चप्पल बाहेर काढ, बॅग पलंगावर ठेवू नकोस, खुर्चीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेव. कम्युनिटी हेल्थमध्ये बॅग टेक्निक शिकलीस ना, परीक्षेनंतर सगळे विसरतात, ती आता कामाला येईल. हात धुवायला साबण आणि पुसायला टिश्यू स्वतःचे ने, घरातला टॉवेल कुणाकुणाचा असतो ते विचारू नये. हात धुवायच्या निमित्तानं बाथरूम दिसतं: फरशी निसरडी आहे का, धरायला काही आहे का, संडास भारतीय पद्धतीचा आहे का. परत येताना फ्रिज उघडायची परवानगी माग. औषधं कुठं आहेत, इन्सुलिन फ्रीजरला चिकटून गोठलंय का, हे तिथं कळतं. गोठलेलं इन्सुलिन फेकायचंच, वितळलं तरी वापरायचं नाही. औषधांचा डबा ओतून बघ. दोन डॉक्टरांनी लिहिलेली एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावानं चालू असते, हे मला दर महिन्याला एखाद्या घरात तरी सापडतं.

जुन्या मराठी घरांत एक वेगळा प्रकार होतो. पलंगावरच्या आजी तुझं आडनाव विचारतात, मग गाव, मग माहेर. काही घरांत अजून स्वयंपाकघरात जाऊ देत नाहीत. पूर्वी माझा संताप व्हायचा. आता मी त्या आजींनाच विचारते, ‘गरम पाणी कुणाकडून मागवू?’ त्यांच्या घरात त्यांचा शब्द चालतोय हे दिसलं की त्या इंजेक्शनला हात पुढे करतात. पण अपमान सोसायचा असा याचा अर्थ घेऊ नकोस. जातीवरून टोचून बोलणं झालं तर एजन्सीला कळव आणि दुसरी व्हिजिट माग.

पहिल्याच दिवशी आणखी एक गोष्ट ठरवून घे: निर्णय कोण घेणार. मोठा मुलगा अमेरिकेत, धाकटा विजयनगरात, मुलगी पुण्यात, आणि बाबा राजेंद्रनगरच्या घरात सुनेच्या हाती. अमेरिकेतला व्हिडिओ कॉलवर म्हणतो ट्यूब घाला, पुण्याची म्हणते नको, आणि सून गप्प असते, कारण तिला कुणी विचारत नाही. सगळं ती करते. तू तिलाच विचार. आणि फोन एकाच माणसाचा घे, बाकीच्यांना तो सांगेल.

वहीचं आता. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, पेशंटच्या घरीच राहणारी. तारीख, वेळ, बीपी, नाडी, ताप, साखर, ऑक्सिजन, लघवी किती, शौच कधी, कुस कधी बदलली, काय खाल्लं. मावशीला लिहिता येत नसेल तर कुस बदलल्यावर एक काडी ओढायची, चोवीस तासांत बारा काड्या झाल्या पाहिजेत. एजन्सीचं अ‍ॅप असतं, तेही भर, पण अ‍ॅप रात्री तीनला सुनेला दिसत नाही. वही डॉक्टरांना दिसते, अँब्युलन्सबरोबर जाते, आणि कुणी तुझ्यावर बोट दाखवलं तर तीच तुझी साक्षीदार असते. ‘डॉक्टरांना 6.40 ला फोन केला, उचलला नाही, 6.50 ला पुन्हा केला’ हेसुद्धा लिहायचं.

आता ज्या चार-पाच ठिकाणी घरात माणसं खरोखर दगावतात तिथं जरा थांबते.

पहिलं इन्सुलिन. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक 40 युनिट प्रति मिली असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनच्या कार्ट्रिजमधलं 100 युनिट प्रति मिली, आणि 100 ची सिरिंज नारिंगी टोपणाची. वॉर्डात हे फार्मसी बघते. घरात काय होतं? एका घरी पेन बिघडलं. मुलानं हुशारी केली, कार्ट्रिजमध्ये लाल सिरिंज खुपसून 20 च्या रेघेपर्यंत ओढलं आणि दिलं. ती रेघ 40 च्या हिशेबाची, म्हणजे अर्धा मिली. कार्ट्रिजमधलं अर्धा मिली म्हणजे 50 युनिट. मी सकाळी आठला पोहोचले तर आजोबा घामानं ओले, हाका मारूनही डोळे उघडेनात, साखर 41. सूनबाई चमच्यानं साखरेचं पाणी पाजायच्या तयारीत होती. तो चमचा मी आधी बाजूला केला, कारण शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, ते फुप्फुसात जातं. डॉक्टरांशी बोलून शिरेतून डेक्स्ट्रोज (ग्लुकोज) दिलं, अँब्युलन्ससाठी 108 ला फोन केला. आजोबा वाचले. मुलगा आठवडाभर माझ्या नजरेला नजर देत नव्हता. त्याला मी काय बोलणार? हा फरक त्याला कुणी शिकवलाच नव्हता, आणि आदल्या आठवड्यात त्या घरात मीच जात होते. पेन नीट चालतंय बघून मी पुढे गेले होते. ते बिघडलं तर काय करायचं, हे सांगायचं राहून गेलं होतं.

म्हणून आता पहिल्याच दिवशी टोपणाचा रंग आणि बाटलीवरचा आकडा घरच्यांकडून मोठ्यानं वाचून घेते. शुद्धीत असलेल्या माणसाची साखर 70 च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची, तरी कमीच असेल तर पुन्हा तेवढीच. हे कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर चिकटवते. आणि आपल्या इंदूरचा मे महिना! वापरात असलेलं इन्सुलिन 30 अंशांच्या आत महिनाभर टिकतं, पण पारा 42 ला गेला की कपाटातलं इन्सुलिन निकामी होतं. फ्रिज नसेल तर पिशवीत घालून माठाच्या पाण्यात ठेवायला सांग. तुझ्या स्कूटीच्या डिकीत मात्र एक मिनिटही ठेवू नकोस.

दुसरं ऑक्सिजन. जुन्या बिडी ओढणाऱ्या आजोबांना सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) असतो, डॉक्टरांनी ऑक्सिजन 88 ते 92 टक्के ठेवा असं लिहिलेलं असतं, आणि घरचे बोटाला मशीन लावून 98 येईपर्यंत नळ सोडतात. ‘सिस्टरजी, अब तो अच्छा है ना?’ आजोबा झोपाळू झालेले असतात आणि घरच्यांना वाटतं, शांत झोप लागलीय. ती कार्बन डायऑक्साइड साचल्याची गुंगी असते. कॉन्सन्ट्रेटरवर (हवेतून ऑक्सिजन काढणाऱ्या मशीनवर) लिटरच्या आकड्याशी मी चिकटपट्टी लावून खूण करते आणि सांगते, डॉक्टर म्हणेपर्यंत या रेघेच्या वर जायचं नाही. वीज गेली तर काय, हे त्याच दिवशी विचार: इन्व्हर्टरवर मशीन चालतं का, भरलेला सिलिंडर घरात आहे का, तो उघडायची चावी कुठं आहे. आणि देवघर! वाड्यात एकाच खोलीत पलंग, ऑक्सिजन आणि समई. समई विझवा म्हणायचं धाडस होत नाही, तेव्हा पलंगाची जागा बदलायला लाव, नाहीतर देव दुसऱ्या खोलीत. उदबत्तीचा धूरही त्या फुप्फुसांना नको असतो.

तिसरं राइल्स ट्यूब. नाकाशी मार्करनं खूण कर, आणि भरवायच्या आधी खूण जागेवर आहे का ते प्रत्येक वेळी बघायला शिकव. खूण सरकली, पेशंट खोकला, आवाज बदलला, तर काहीही घालायचं नाही, फोन करायचा. हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोप लावायची सवय सोड, त्यावर विसंबता येत नाही. ओढून आलेल्या द्रवाचा पीएच 5.5 किंवा खाली असेल तर भरवसा ठेव, शंका असेल तर एक्स-रे. पलंगाचं डोकं 30 ते 45 अंश वर, भरवल्यावर निदान अर्धा-पाऊण तास तसंच. आपल्या घरांत वरण घट्ट आणि फोडणीसकट गाळून घालतात, मोहरी नळीत अडकते. बारीक गाळणी स्वतः दाखव. गोळ्या कुटण्याआधी नाव वाच: एसआर, एक्सआर (हळूहळू विरघळणारी) किंवा एन्टेरिक कोटेड (पोटात न विरघळणाऱ्या आवरणाची) गोळी कुटायची नाही, डॉक्टरांकडून बदलून घ्यायची.

बेडसोरबद्दल तुला पुस्तकातलं माहीत आहे. दर दोन तासांनी कुस, लाल डाग बोटानं दाबून बघायचा, पांढरा झाला नाही तर सुरुवात झाली. माझ्या बाजूनं एवढंच: एअर मॅट्रेस आणली की घरचे कुस बदलणं थांबवतात, त्याला नाही म्हण. लाल जागेवर स्पिरिटनं चोळणं आणि पावडर थापणं बंद कर, मधे भोक असलेली हवेची रिंग काढून टाक, तिनं कडेचा रक्तपुरवठा अडतो. टाचा उशीवर टेकवायच्या नाहीत, उशी पोटरीखाली, टाच अधांतरी. आणि प्रोटीन. बेडसोरच्या पेशंटला लोक ‘हलकं’ म्हणून मुगाचं पाणी देतात. जखम पाण्यानं भरत नाही. मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर डॉक्टरांना विचारून पनीर, दही, अंडं चालत असेल तर अंडं सुरू कर.

हृदयाच्या पेशंटकडे रोज सकाळी एकाच वेळी वजन. तीन दिवसांत दोन किलो वाढलं म्हणजे पाणी साचतंय, पाय सुजायची वाट बघायची नाही. मिठाचा हिशेब घेताना भाजीतलं विचारशील तर सगळे ‘बिनमिठाचं’ म्हणतील. इंदुरात पोह्यांवर, वरणावर, दह्यावर जी शेव पडते ती विचार. एका काकांचं फ्युरोसेमाइड (लघवीवाटे पाणी काढणारं औषध) दोनदा वाढवलं गेलं होतं. मला उशीखाली लसणाच्या शेवेचं पाकीट सापडलं.

आता ‘नाही’ कुठं म्हणायचं. कुठल्याही शिरेतल्या अँटिबायोटिकचा किंवा लोहाचा पहिला डोस घरी द्यायचा नाही. तो रुग्णालयात होऊ दे, दुसऱ्यापासून तू. तरीही बॅगेत अ‍ॅड्रिनलिन (औषधाची जिवावरची अ‍ॅलर्जी आली तर द्यायचं इंजेक्शन) असलंच पाहिजे आणि ते द्यायची डॉक्टरांची लेखी परवानगी आधीपासून हातात पाहिजे. मोठ्या माणसाला 1 मिलीच्या अँप्यूलमधलं अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, आणि लगेच 108. ताकदीची म्हणून सलाइनची बाटली लावायची नाही, शेजारची दुसरी सिस्टर लावते म्हणाले तरी. हृदय किंवा किडनी कमजोर असलेल्या म्हाताऱ्या माणसाला ती बाटली धाप लावते. ‘रात्रभर ओरडतात, झोपेचं काही द्या’ याला तर अजिबात नाही. रात्री ओरडणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची लघवी तुंबली आहे का, शौच किती दिवस नाही, ताप आहे का, हे आधी बघ. कितीदा ओटीपोटावर हात ठेवल्यावर उत्तर मिळतं.

डॉक्टरांचा फोनवरचा निरोप तोंडी घेऊन इंजेक्शन देऊ नकोस. टेलिमेडिसिनचे 2020 चे नियम आहेत, डॉक्टरांना फोनवर बघून लेखी चिठ्ठी पाठवता येते. औषधाचं नाव, डोस, मार्ग, किती वेळा, सही, असा फोटो माग. चांगल्या डॉक्टरांना याचा राग येत नाही. ज्यांना येतो त्यांचा डोस तर दोनदा तपासून घ्यावा.

सुई टोचली तर जागा साबण-पाण्यानं धू, दाबून रक्त काढू नकोस, आणि वेळ न घालवता एमवायसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात जा. एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, 72 तासांनंतर उपयोग नाही. सुईवर टोपण परत लावायचं नाही हे तुला ठाऊक आहे. घरात त्यासाठी जाड प्लास्टिकची झाकणाची बरणी ठेव, वर मोठ्या अक्षरांत ‘सुया’ लिही. आपल्या शहरात कचरा वेगवेगळा करायची सवय लोकांना आहेच, तिचा फायदा घे: डायपर सॅनिटरीच्या डब्यात, सुया आणि जुनी औषधं घातक कचऱ्यात. सुई सुक्या कचऱ्यात गेली तर कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या हाताला टोचते. तुझ्या व्हिजिटच्या सुया एजन्सीनं परत न्यायला हव्यात, तेही नोकरी घेताना विचार.

भीतीचं. ती असू दे, पण तिची व्यवस्था कर. पहिली व्हिजिट शक्यतो दिवसा आणि घरात एखादी बाई असताना. पत्ता, पेशंटचं नाव आणि निघायची वेळ घरी कुणाला तरी कळवलेली, फोनचं लोकेशन सुरू. बसायची जागा दाराच्या बाजूला. दारू प्यायलेला माणूस, कुणाचा नको तो हात, खोलीचं दार लावून घेणं, यातलं काहीही झालं तर ड्रेसिंग अर्धं टाकून बाहेर ये. पेशंटला दुसरी नर्स मिळेल. गरज पडली तर 112. आणि हे लक्षात ठेव की 2013 च्या लैंगिक छळाच्या कायद्यात कामाची जागा म्हणून घरसुद्धा धरलेलं आहे. एजन्सीत दहा किंवा जास्त माणसं असतील तर तिथं अंतर्गत समिती असायलाच हवी, नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार जाते, तीन महिन्यांच्या आत. नोकरीच्या मुलाखतीत ‘तुमच्या समितीत कोण आहे’ एवढं विचारून बघ. समोरच्याच्या चेहऱ्यावरून एजन्सी कळते.

मला सोळा वर्षांत दोनदा असं घर सोडून यावं लागलं. एकदा एजन्सी माझ्या बाजूनं उभी राहिली, एकदा नाही. दुसरी मी महिन्याच्या आत सोडली.

पैशांचं थोडक्यात: घरच्यांकडून परस्पर पैसे घेऊ नकोस, साडी-मिठाई सोडून भेट घेऊ नकोस, आणि कपाटाची चावी ‘जरा धरा’ म्हणून दिली तरी धरू नकोस. दागिना हरवला तर पहिलं नाव मावशीचं येतं आणि दुसरं तुझं. प्रवासाचा वेळ आणि पेट्रोल वेगळं मिळतं का, व्हिजिट रद्द झाली तर काय, हे लेखी घे.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण ती येईलच. कधीतरी तू जाशील आणि पेशंट गेलेला असेल, किंवा तुझ्यासमोर जाईल. घरी मरण ठरवलेलं असेल तर वहीच्या पहिल्या पानावर डॉक्टरांचा नंबर आणि घरच्यांचा निर्णय लिहिलेला हवा, नाहीतर ऐन वेळी कुणीतरी छाती दाबायला लावतं. मृत्यू झाला असं तू जाहीर करायचं नाही, डॉक्टरांना बोलव, दाखला तेच देतात. तोपर्यंत नळ्या डॉक्टरांना विचारूनच काढ, चेहरा पूस, चादर बदल. माणसं आजूबाजूला उभी असतात, काय करावं सुचत नसतं. एखाद्या सुनेला म्हण, ‘त्यांचे हात तुम्ही पुसा.’ मी हे नेहमी सुनेलाच सांगते. वर्षभर तिनंच केलेलं असतं.

गाडी लागेल. बसनं सहा घरं होत नाहीत. स्कूटी घे, डिकीत रेनकोट आणि जादा ग्लव्ह्ज, औषधं नाहीत. सुरुवातीला एकाच बाजूची घरं माग: अन्नपूर्णा, सुदामानगर, राजेंद्रनगर एका दिवशी, तिलकनगर, विजयनगर दुसऱ्या. आणि कॅलेंडरवर आत्ताच दोन खुणा करून ठेव. रंगपंचमीला गेर (रंगांची मिरवणूक) निघते तेव्हा राजवाड्याच्या आसपास पायीसुद्धा शिरता येत नाही, आणि अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्यांमुळे (चित्ररथांच्या मिरवणुकीमुळे) तीच गत. त्या भागातलं कॅथेटर बदलायचं असेल तर आदल्या दिवशी बदल, ड्रेसिंगचं सामान दोन दिवसांचं ठेवून ये, आणि सुनेकडून एकदा तुझ्यासमोर करवून घे.

सोमवारी जाण्याआधी वही घेतलीस का ते मला कळव.